येते बरं का

१

भाड्याचं घर बघायला गेलेली बाई आधी पाणी किती वेळ येतं ते विचारते, मग मोरी बघते, मग ओट्यावर उजेड पडतो का ते बघते. मोनिका यातलं काहीच आधी बघत नव्हती. ती दारात उभी राहून रस्ता बघायची. इथून बालवाडी किती लांब, भाजी कुठे मिळते, डॉक्टर कुठे बसतात, वाटेत गाड्या केवढ्या. घराचं नंतर.

तिला त्यावरून नावं ठेवायचं कारण नाही. सोनईत वाढलेली मुलगी ती. शाळा, देऊळ, बाजार, मैत्रिणीचं घर, सगळं पायाखालचं होतं. लग्नानंतर अमृतला नगरच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि दोघं शहराच्या कडेला, बायपासजवळच्या एका नव्या इमारतीत राहायला आले. लिफ्ट होती, पार्किंग होतं, गच्चीत वारा होता. पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी अमृतच्या मोटरसायकलची वाट बघावी लागे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की उसाच्या ट्रॉल्या नाहीतर कंटेनर. थोरली निकिता, घरातली निकू, पाच वर्षांची झाली तरी तिला कधी एकटीला खाली सोडलेलं नव्हतं. धाकटा गहिनीनाथ, पणजोबांचं नाव ठेवलेला, नुकता पळायला शिकला होता. एक दिवस त्यानं आईच्या हातातलं बोट सोडवलं आणि सरळ रस्त्यात धूम ठोकली. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, खाली उतरला आणि मोनिकाला नको नको ते बोलला. पोराला पोटाशी धरून ती तिथेच धुळीत बसून राहिली.

त्या संध्याकाळी तिनं अमृतला सांगितलं, "मला पायी चालता येईल असं घर बघा. छोटं असू दे, जुनं असू दे. पण माझी पोरं पायी शाळेत गेली पाहिजेत."

२

काकासाहेब नावाचा एजंट मिळाला. बोलघेवडा माणूस, खिशात किल्ल्यांचा जुडगा. एका रविवारी त्यानं चौघांना जुन्या नगरात, दिल्लीगेटच्या आतल्या बाजूला भरपूर फिरवलं. गवंडी गल्लीत पाऊल टाकलं आणि मोनिकाचा जीव तिथेच रमला. गल्ली इतकी अरुंद की रिक्षासुद्धा आत येत नव्हती. एका टोकाला बालवाडी, कोपऱ्यावर दवाखाना, जरा पुढे भाजीवाल्या बायका. पोरं मधोमध लगोरी मांडून बसलेली आणि ओट्यावरच्या बाया शेंगा सोलता सोलता त्यांच्यावर नजर ठेवून होत्या.

आता मोनिकाची एक सवय सांगायला हवी. बाईनं निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच शिकवतात. मोनिकाच्या आईनं ते जरा जास्तच ठोकून बसवलं होतं. कुठूनही निघताना मोनिका उंबऱ्यात वळायची आणि "येते बरं का" म्हणायची. किराणा दुकानातून निघतानाही म्हणायची. निकूनं ते जसंच्या तसं उचललं होतं, मान तिरकी करण्यासकट.

गल्लीच्या वळणावर निळ्या दाराचं एक बैठं घर होतं. काकासाहेबानं कुलूप काढलं. एकामागे एक तीन खोल्या, रिकाम्या, स्वच्छ पुसलेल्या. आत छान गारवा होता. मोनिकाला घर आवडलं, पण मोरी स्वयंपाकघरातच होती, आणि अमृतनं नाक मुरडलं. गहिनी त्याच्या खांद्यावर झोपला होता. "चला, पुढचं दाखवा," म्हणत अमृत काहीच न बोलता बाहेर पडला, म्हणजे घराला काही न बोलता.

मोनिका मात्र उंबऱ्यात वळली. "येते बरं का," ती त्या रिकाम्या खोल्यांना म्हणाली.

"येते बरं का," निकू म्हणाली.

"भिंतींचा निरोप घेताय का मायलेकी?" अमृत बाहेरून हसला. "काय पण खुळ्या आहात."

शेवटी त्याच गल्लीत, थोडं पुढे, रंगुबाईच्या घराचा वरचा मजला त्यांनी घेतला. दोन खोल्या, एक गॅलरी आणि लाकडी जिना. रंगुबाई खाली एकटीच राहायची. म्हातारी तोंडानं फटकळ होती, पण पहिल्याच दिवशी तिनं गहिनीच्या हातात लाडू ठेवला आणि मोनिकाची काळजी मिटली.

३

शाळा सुरू झाली आणि मोनिकाला वाटलं, आपण उगाच इतका काळ त्या लिफ्टमध्ये काढला. सकाळी निकू बोटाला, गहिनी कडेवर. जाताना शाळा, येताना मेथीची जुडी. गहिनीचं नाक गळायला लागलं तर पायात चपला सरकवायच्या आणि डॉक्टरकडे जायचं, बस. परतताना ओट्यावरून कोणीतरी विचारायचंच, "काय गं, आज उशीर झाला?" अमृत एकदा म्हणाला, "तू हल्ली माहेरी आल्यासारखी दिसतेस." मोनिका लाजली, पण तिला ते पटलं.

गल्लीतली माणसं मायाळू होती. एकच गोष्ट खटकायची. ही माणसं निरोप घेत नसत. समोरची बाई वाटीभर साखर न्यायला यायची, चार गोष्टी बोलायची आणि बोलता बोलता उठून चालू लागायची. मोनिकाला वाटलं, हिला घाई असेल. मग दुसरीही तशीच, तिसरीही तशीच. मोनिका मनात म्हणाली, शहरातली रीत असेल बाई.

श्रावणातल्या शुक्रवारी रंगुबाईनं खाली हळदीकुंकू केलं. दूध, गूळ-फुटाणे, गजरे. खोली बायकांनी गच्च भरली, हसणं-खिदळणं चाललं होतं. मग एकेक बाई उठली, पदर सावरला आणि बाहेर पडली. कोणी मागे वळलं नाही. रंगुबाईनंही कुणाला "बसा की अजून" म्हटलं नाही, की "या हं परत" म्हटलं नाही. एकीचं तर सुनेबद्दलचं गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं होतं. ते तसंच टाकून ती चालती झाली.

मोनिकाला ते बघवेना. ती उठली, उंबऱ्यात वळली. "येते बरं का, मावशी."

उरलेल्यांपैकी एकीनं दुधाचा पेला तोंडाजवळच धरून ठेवला. रंगुबाईनं हातातला करंडा खाली ठेवला. "वरच तर चाललीस. मुकाट चढ की जिना."

"अहो, पण तसंच कसं उठून जायचं?"

"आमच्या गल्लीत न्हाई म्हनत तसं. उठायचं आन निघायचं."

"का पण?"

"का म्हंजी? न्हाई म्हनत." रंगुबाईनं बाकीच्या बायकांकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "आजून कुटं म्हनलीस का गं तसं? या गल्लीत?"

मोनिकाला निळं दार आठवलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "नाही."

४

त्यानंतर काही दिवसांनी शाळेतून येताना निकू वळणावर थांबली. निळ्या दाराला नेहमीसारखं कुलूप होतं. निकूनं दाराकडे तोंड केलं आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आज नाही जमणार, नंतर येऊ."

"कोणाशी बोलतेस गं?"

"आतल्या काकूंशी."

"तिथं कोणी राहत नाही, निकू."

"राहतात. रोज विचारतात, कधी येणार म्हणून." निकू दप्तर सावरत चालू लागली. "तू गहिनीशी बोलत असतेस, म्हणून तुला ऐकू येत नाही."

मोनिका हसली. पाच वर्षांची पोर, काहीही रचते. सोनईत तिची स्वतःचीच चुलतबहीण कडुनिंबाच्या झाडाला वहिनी म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी त्या वळणावर मोनिकानं गहिनीशी बोलणं थांबवलं. तिला काही ऐकू आलं नाही. फक्त आपण कान देतोय हे लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

घरी येऊन तिनं काकासाहेबाला फोन लावला. कोणी नवीन भाडेकरू आले असतील तर ओळख करून घेऊ, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

"नाही हो ताई," काकासाहेब म्हणाला. "ती जागा रिकामीच आहे. किल्ली माझ्याकडेच आहे. तुम्हाला बदलायचंय का घर?"

"नाही, नाही," मोनिका म्हणाली आणि फोन ठेवला.

ती स्वयंपाकाला लागली. पोळ्या लाटताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. निकू म्हणाली होती, नंतर येऊ. येईन नाही, येऊ. म्हणजे दोघींना बोलावलंय.

५

निळ्या दाराशेजारी एक खिडकी होती. तिची एक झडप नेहमी किंचित उघडी असायची. निकूला शाळेत सोडून परतताना मोनिका तिथे थांबली. भर सकाळ होती. मागे लगोरीचा गलका, पुढे भाजीवालीची हाक. तिनं गहिनीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत डोकावली.

पुढची खोली रिकामी होती. मधल्या खोलीत दोन पाट मांडलेले होते. एक मोठा, एक छोटा. दोन्हींभोवती रांगोळी होती आणि समोर घासून चकचकीत केलेली ताटं. ताटांत काही नव्हतं. आपल्याकडे जेवायला येणार म्हणून कळवलेलं असलं की आधीच पान मांडून ठेवतात ना, तसं ते मांडलेलं होतं.

बाकी सगळं विसरून तिला तो रविवार आठवला. अमृत काही न बोलता बाहेर पडला होता. गहिनी झोपला होता. येते म्हटलं ते दोघींनीच. एक मोठी, एक छोटी.

ती तडक रंगुबाईकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. रंगुबाई गहू निवडत होती. तिचे हात थांबले.

"मंग त्या दिवशी न्हाई कशाला म्हनलीस?"

"मला आठवलंच नाही हो. सवय आहे ती. तोंडातून निघून जातं."

"पोरगी बी म्हनली?"

"माझं बघून."

रंगुबाईनं सूप बाजूला सारलं. "त्या दारावरनं पोरीला नेत जाऊ नगं. मोठ्या रस्त्यानं जा." मोनिकानं खोदून विचारलं तर म्हातारी उठून आत निघून गेली.

रात्री जेवताना तिनं अमृतला सांगितलं. अमृतनं नीट ऐकून घेतलं, तेवढा तो चांगला होता. दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता वळणावर जाऊनही आला. "झडप बंद आहे, दाराला कुलूप आहे," तो म्हणाला. "अगं, मालकानं पूजा घातली असेल. आणि समजा घातली नसेल, तर पाट मांडलेत म्हणून घर सोडायचं? या गल्लीसाठी हट्ट तूच धरलास ना?"

हट्ट तिचाच होता. आणि खरं सांगायचं तर तिला ही गल्ली सोडायची नव्हतीच. तिनं निकूला मोठ्या रस्त्यानं न्यायला सुरुवात केली. पुन्हा ते हॉर्न, पुन्हा टेम्पो, पुन्हा पोरांची मनगटं आवळून धरणं. निकू रोज विचारायची, "मम्मी, आपण लांबून का जातो?" मोनिका म्हणायची, "व्यायाम होतो." निकूला ते पटत नसे. एकदा ती म्हणाली, "म्हणालो होतो ना आपण येते म्हणून. मग न जाणं चांगलं दिसतं का?"

हे वाक्य मोनिकाच्या आईचं होतं. मोनिकाकडून निकूकडे गेलेलं.

६

गहिनीला ताप भरला. दुपारी शाळा सुटायची वेळ झाली तरी पोरगा कडेवरून उतरेना, उलट्या थांबेनात. मोनिकानं समोरच्या घरातल्या दोन मोठ्या मुलींना गॅलरीतून सांगितलं, शाळेत जाऊन निकूला घेऊन या, मोठ्या रस्त्यानं या. मुलींनी माना डोलावल्या.

मुली आल्या. निकू त्यांच्यात नव्हती.

"काकू, ती मधेच म्हणाली मला एकीकडे जायचंय," एक मुलगी सांगू लागली. "आम्ही म्हणलं, कुठं? तर म्हणाली, जेवायला बोलावलंय. आणि पळाली."

मोनिका गहिनीला घेऊन जिना उतरली कशी ते तिलाच कळलं नाही. रंगुबाई दारातच उभी होती, तिनं ऐकलं होतं. तिनं काही न विचारता पोराला आपल्याकडे घेतलं आणि दुसऱ्या हातानं मोनिकाचं मनगट धरलं.

"आत गेलीस तर बस. आल्यासारकं कर. पन निघताना काय बोलू नगं. लेकीला बी बोलू दिऊ नगं. उठायचं आन निघायचं. ऐकलंस?"

"तुम्ही चला ना बरोबर," मोनिका म्हणाली.

"मला बलावलं न्हाई," रंगुबाई म्हणाली. तिला रडू फुटलं होतं.

दुपारची गल्ली रिकामी होती. ओट्यांवर कोणी नव्हतं, लगोरीचे दगड तेवढे पडलेले. निळ्या दाराचं कुलूप कडीला उघडं लटकत होतं. मोनिकानं स्वतःला शेवटचं समजावलं, काकासाहेब कोणाला तरी घर दाखवायला आला असेल, पोरगी आत शिरली असेल, एवढंच. तिनं दार ढकललं.

निकू छोट्या पाटावर मांडी घालून बसली होती. दप्तर मांडीवर, हात धुतलेले, ओले. तिचा चेहरा अगदी नेहमीचा होता. तिनं आईला बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून सांगितलं, "मम्मी आली."

आत कोणीतरी काम करत होतं. डाव पातेल्याला लागत होता, बांगड्या वाजत होत्या. मग फोडणीचा चर्र आवाज आला. मोनिका वास यायची वाट बघत राहिली. वास आलाच नाही.

"बस ना. काकू वाढतायत."

मोनिका मोठ्या पाटाच्या कडेला टेकली. तिनं मनातल्या मनात घोकलं, आले बाई, म्हटलं तशी आले, झालं, फिटलं. तिनं निकूचं मनगट धरलं. आतले आवाज चालूच होते, आणि ते ऐकता ऐकता मोनिकाच्या लक्षात आलं की आपण मान वर करून ऐकतोय. बांगड्या खाली वाजत नव्हत्या. ओट्याच्या उंचीवर नव्हत्या, माणसाच्या हाताच्या उंचीवरही नव्हत्या. त्या वर, भिंत संपते आणि छत सुरू होतं तिथे वाजत होत्या.

मग त्या थांबल्या.

स्वयंपाकघराच्या चौकटीत कोणीतरी येऊन उभं राहिलं. मोनिकाला फक्त निऱ्या दिसल्या. हिरवट रंगाच्या, चापूनचोपून नेसलेल्या, उंबऱ्यापासून वरच्या चौकटीपर्यंत नुसत्या निऱ्या. त्यांच्या वर जे काही होतं ते भिंतीआड होतं. मग त्या निऱ्या दुमडायला लागल्या. वाढणारी बाई वाकते तशी ती वाकायला लागली.

मोनिका उठली. एका हातानं लेकीला उचललं, दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या तोंडावर गच्च दाबला आणि दाराकडे निघाली. तिनं मागे बघितलं नाही. उंबऱ्यावर पाय पडला आणि तिची जीभ आपोआप उचलली गेली. जन्मभराची सवय, ती काय अशी सुटते? शब्द टाळूपर्यंत आला होता. मोनिकानं जीभ चावली, रक्ताची चव येईपर्यंत चावली, आणि बाहेर उन्हात आली.

७

रंगुबाई जिन्याच्या पायरीवर बसून होती. गहिनी तिच्या मांडीवर झोपला होता.

"बोललीस काय?"

मोनिकानं मान हलवली. नाही.

"पोरगी?"

"तोंडावर हात होता माझा," मोनिका म्हणाली. ओठांवर रक्त होतं.

रंगुबाईनं पदरानं तिचे ओठ पुसले. "मंग सुटलात," ती म्हणाली. तिनं पाणी दिलं, निकूवरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या आणि तिघांना वर पाठवलं.

वर आल्यावर मोनिका ढसाढसा रडली. भीतीनं रडली, सुटकेनं रडली, आणि थोडी त्या गल्लीसाठीही रडली. तिनं ठरवलं, आता पुरे. बायपास तर बायपास, कंटेनर तर कंटेनर. त्यांचा निदान आवाज येतो, बाजूला तरी होता येतं. आज अमृत आला की सांगायचं, उद्यापासून दुसरं घर बघा.

दिवेलागणीच्या सुमारास अमृत आला. कामावरून येताना त्यानं केळी आणली होती, गहिनीचं औषध आणलं होतं. दोन्ही हात भरलेले, म्हणून त्यानं दार पायानंच लोटून घेतलं आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन गहिनीजवळ आडवा झाला. ताप उतरला होता. बापलेकांचं काहीतरी कुजबुजणं चाललं होतं. जरा दम खाऊ दे याला, जेवल्यावर सांगू, असं म्हणून मोनिका कणीक मळायला बसली. निकू तिच्याजवळ बसून कणकेच्या गोळ्या करत होती.

"मम्मी, काकूंना काय आवडत असेल?"

"कोणत्या काकूंना?" सुजलेल्या जिभेनं मोनिकानं कसंबसं विचारलं. तिचा हात परातीत थांबला.

"त्याच. तू यायच्या आधी त्या म्हणाल्या, आलात, बरं वाटलं. मग मी म्हणाले, तुम्ही पण या आमच्याकडे."

मोनिकानं परातीतून हात काढला.

"तूच सांगतेस ना," निकू म्हणाली, "कोणाकडे गेलं की आपल्याकडे पण बोलवायचं असतं. नुसतं जेवून येणं बरं दिसत नाही." तिनं एक गोळी हातात फिरवली. "आम्ही वर राहतो म्हणून पण सांगितलं. रंगुआजीच्या वर."

खाली रंगुबाईच्या टीव्हीवर मालिका चालू होती. ती मधेच बंद झाली. रंगुबाईच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मग जिन्यात बांगड्या वाजल्या. पायऱ्यांवर पाऊल वाजलं नाही, आणि त्या जुन्या जिन्यावर मांजर चढलं तरी पायरी करकरते. बांगड्या जिन्यावरच्या छताच्या फळ्यांना घासत, सावकाश, पाहुणी बाई अनोळखी जिना चढते तशा येत होत्या.

मोनिकाला हाक मारायची होती. अमृतला सांगायचं होतं, बोलू नका, काही म्हणून बोलू नका. पण चावलेली जीभ सुजून टाळूला चिकटली होती, तोंडातून नुसता वारा आला. ती कणकेच्या हातांनी उठली आणि कडीकडे धावली. दाराच्या चौकटीवर, अगदी वर, कोणीतरी बोटांनी हलकेच टकटक केलं.

कडी तिच्या बोटांत आली होती. कणकेनं हात निसटला.

आणि आतल्या खोलीतून अमृत, दारात आलेल्या माणसाला कधी कोण म्हणून न विचारणाऱ्या घरातला मुलगा, पडल्या पडल्या आनंदानं म्हणाला, "या, या. दार उघडंच आहे."